घराण्याचे मोडी कागद छापायचे आहेत, संपादन कसे करावे?

कसबेकर

नमस्कार मंडळी. कसब्यातला आमचा वाडा पुनर्विकासाला जातो आहे. त्यानिमित्ताने माळ्यावरच्या पेट्या खाली आल्या आणि त्यात मोडी कागदांचे बरेच रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले गठ्ठे, निघाले. पेशवाईच्या उत्तरार्धापासून इंग्रजी अमलापर्यंतचे कागद आहेत. खासगी पत्रे, एका देवस्थानाच्या जमाखर्चाच्या वह्या, हुंड्या, कर्जरोखे आणि वतनाच्या तंट्यातला एक लांबलचक महजर, म्हणजे सभेने दिलेला निवाड्याचा कागद. एका मोडी जाणकारांकडून थोडे वाचून घेतले आहे.

घरच्यांची बैठक झाली आणि पुस्तक काढायचे सर्वानुमते ठरले. खर्चाची तयारी आहे. बैठकीतला कल असा, की भाषा आजच्या शुद्धलेखनात आणावी, पत्रांचे मायने गाळावेत कारण ते सगळीकडे सारखेच आहेत, जमाखर्च वगळावा आणि ऐतिहासिक महत्त्वाची तेवढी पत्रे निवडून छापावीत. मला यात काहीतरी खटकते आहे, पण नेमके काय ते भावंडांना सांगता येत नाही. जाणकारांनी सविस्तर लिहावे. धाग्याची लिंक मी घरच्या ग्रुपवर टाकणार आहे.

रुमालवाचक

कसबेकर, घरच्यांनी एकमताने खर्चाची तयारी दाखवली यातच निम्मे काम झाले. आता कळकळीची विनंती: यातले काहीही गाळू नका. खटकते ते बरोबर खटकते आहे.

शुद्धलेखनाचे आधी घेतो. मोडी लिहिणारा आधी रेघ ओढतो आणि मग बोरू शक्य तितका न उचलता तिच्याखाली लिहीत जातो. दोन शब्दांत जागा नसते, विरामचिन्हे नसतात, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळलेला नसतो. म्हणजे बाळबोधीत (देवनागरीत) आणताना शब्द तोडणे आणि ऱ्हस्व-दीर्घ ठरवणे हे संपादकाला करावेच लागते. ते काय नियमाने केले, हे प्रस्तावनेत एकदा लिहून टाका आणि शेवटच्या पानापर्यंत तोच नियम पाळा. त्यापुढे जाऊ नका. कागदात 'जाहाला' असेल तर 'जाहाला'च छापा, 'आह्मी' असेल तर 'आह्मी'च. लिहिणारा कोकणातून आलेला कारकून होता की देशावरचा, त्याच्या कानात कोणती बोली होती, हे कळण्याचा एवढाच मार्ग आहे. एकदा 'झाला' आणि 'आम्ही' केले की तो मार्ग बंद.

मायन्याबद्दल. ते सगळीकडे सारखे नसतात, नीट पाहा. कोण कोणाला साष्टांग नमस्कार लिहितो, कोण आशीर्वाद, कोण दंडवत, कोण जोहार, यात त्या दोघांचे वय, जात, नाते आणि हुद्दा सगळे आलेले असते. एकाच माणसाला एकाच घरातून जाणाऱ्या पत्रांत मायना बदलला, तर मधल्या काळात काहीतरी घडले आहे असे समजावे: बढती, भांडण, नाहीतर सोयरीक. पाठीवर किंवा कोपऱ्यात 'पै॥' करून तारीख दिसेल, ती पत्र पोहोचल्याची. लिहिल्याची आणि पोहोचल्याची अशा दोन तारखा छापल्यात, तर ते पत्र पुण्याला यायला किती दिवस लागले ते वाचकाला आपसूक कळते.

फाटलेला भाग चौकोनी कंसात टिंबांनी दाखवा. अंदाजाने भरलेले अक्षर चौकोनी कंसात लिहा. शंका असेल तिथे गोल कंसात प्रश्नचिन्ह टाका. ओळीवर मागाहून घातलेला आणि खोडलेला शब्द टिपेत सांगा. कंसातले सगळे संपादकाचे, कंसाबाहेरचे सगळे कागदातले, हे वाचकाला डोळे मिटून मानता आले पाहिजे.

मुठाकाठ

रुमालवाचक यांचे सगळे पटते, पण वाचणार कोण? आमच्या आत्याच्या सासरच्यांनी असेच बरहुकूम, म्हणजे मुळाप्रमाणे जसेच्या तसे, पुस्तक काढले. प्रती अजून खोक्यात आहेत. पुढची पिढी बाणेर-बावधनला आणि परदेशात, त्यांना जुनी मराठी दोन ओळींपलीकडे जात नाही. कसबेकरांच्या भावंडांना आपल्या मुलांनी हे वाचावे असे वाटते आहे. ती इच्छा चुकीची कशी?

रुमालवाचक

चुकीची मुळीच नाही. पण त्यासाठी मूळ मजकुराला हात लावायची गरज नाही. प्रत्येक कागदाच्या डोक्यावर आजच्या मराठीत चार ओळींचा सारांश द्या: कोणी, कोणाला, कुठून, कशासाठी. रियासतकार गो. स. सरदेसाई यांनी पेशवे दफ्तरातले निवडक कागद १९३० ते १९३४ या काळात ४५ खंडांत काढले, त्यात मराठी पत्रावर इंग्रजी सारांश आहे. मोडी-मराठी न जाणणाऱ्या अभ्यासकालाही त्यामुळे खंड चाळता येतो. तुमचे सारांश सलग वाचले तर मुलांना घराण्याची गोष्ट कळेल. ज्याला शंका येईल तो खाली मूळ पाहील. आत्याबाईंच्या पुस्तकात सारांश आणि सूची होती का, तेही एकदा पाहा.

चाकणवाट

जमाखर्च वगळण्याच्या कल्पनेने पोटात गोळा आला म्हणून लिहितो.

आपल्याकडे कागद छापायला सुरुवात झाली ती बखरी आणि राजकारणाची पत्रे यांच्यापासून. पुण्यात १८७८ साली 'काव्येतिहाससंग्रह' मासिक निघाले. मग वासुदेवशास्त्री खरे यांनी पटवर्धनांच्या दफ्तरातून 'ऐतिहासिक लेखसंग्रह' काढायला घेतला, आणि १८९८ मध्ये वि. का. राजवाडे यांच्या 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड आला. पानिपतच्या आधीच्या दहा-अकरा वर्षांतली पत्रे त्यात आहेत. पुढे असे २२ खंड झाले. मराठ्यांचा इतिहास ग्रँट डफ या ब्रिटिश अधिकाऱ्याच्या पुस्तकावरच विसंबून का लिहायचा, अशी तळमळ होती ती. त्यामुळे लढाया, तह, कारस्थाने यांना पहिला मान मिळाला आणि तो त्या काळात साहजिक होता.

पण नंतरच्या अभ्यासकांनी प्रश्न बदलले. गावगाडा कसा चालत होता, बलुतेदाराला काय मिळत होते, न्याय कसा होत होता? हिरोशी फुकाझावा आणि हिरोयुकी कोतानी हे जपानी अभ्यासक मराठी कागदांतून नेमके हेच शोधत होते. वि. त्र्यं. गुणे यांचा मराठ्यांच्या न्यायव्यवस्थेवरचा १९५३ चा ग्रंथ महजरांशिवाय झालाच नसता. आज तुम्हाला जे रटाळ वाटते, त्यावर उद्या कोणीतरी आयुष्य घालवणार आहे.

देवस्थानाच्या वहीत तेलाचा भाव असतो, नैवेद्याच्या तांदळाचा असतो, वाजंत्र्याला आणि झाडलोट करणाऱ्या बाईला काय दिले ते असते, दुष्काळात काय कमी केले ते असते. सलग वीस-पंचवीस वर्षांची वही असेल तर पुण्याच्या बाजाराचा तो अखंड आलेख आहे. निवडक पाने छापलीत तर त्याचा काही उपयोग उरणार नाही, कारण भाव एका वर्षाचा असून भागत नाही, मागचा-पुढचा लागतो.

एक धोक्याची सूचना. हिशेबात आकड्यापुढे एक उभी रेघ म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण. '५॥' म्हणजे साडेपाच. टंकलेखकाला हे आधी सांगितले नाही तर तो या रेघांना दंड समजून उडवतो आणि साडेपाच रुपयांचे पाच होतात. छापून आल्यावर ते कोणाच्याही लक्षात येत नाही. खंडी, मण, पायली, शेर यांचेही मजकुरात किलो करू नका. मापे परगण्यागणिक बदलत होती. काय सांगायचे ते टिपेत सांगा.

अक्षरओळ

महजराबद्दल कोणी लिहिले नाही म्हणून लिहिते. कसबेकरदादा, त्या महजराच्या शेवटी किंवा समासात नावांपुढे लहान चित्रे आहेत का ते पाहा. गोतसभेत, म्हणजे तंटा सोडवायला जमलेल्या गावकऱ्यांच्या सभेत, बसलेल्या ज्या लोकांना लिहिता येत नव्हते ते आपली निशाणी करत. पाटील-कुणबी नांगर काढत, न्हावी आरसा, सुतार आपले हत्यार. लिप्यंतर करणारे अक्षरे वाचतात आणि चित्रे सोडून देतात. छापील पानावर मग नुसती नावांची रांग उरते.

माझे म्हणणे असे, की त्या गावातल्या न्हाव्याने आयुष्यात कागदावर स्वतःच्या हाताने काढलेली ती एकच खूण आपल्यापर्यंत आली असेल. ती टिपेत 'निशाणी आरसा' एवढी तरी आलीच पाहिजे, आणि जमले तर त्या पानाचे छायाचित्र द्या. बसणाऱ्यांचा क्रमही बदलू नका. कोणाचे नाव कोणाच्या वर, हा त्या काळी मानपानाचा मोठा प्रश्न होता आणि त्यावरून स्वतंत्र तंटे चालत.

कसबेकर

अक्षरओळताई, आत्ता जाऊन पाहिले. नांगर आहेत! बऱ्याच नावांपुढे आहेत. एक आकृती आरशासारखी वाटते. आमच्या जाणकारांनी त्याबद्दल काही सांगितले नव्हते. घरच्या ग्रुपवर फोटो टाकला आणि आतापर्यंत गप्प असलेला धाकटा भाऊ एकदम प्रश्न विचारू लागला आहे.

आता पुढचे. तारखांचा घोळ सोडवायचा कसा? बहुतेक पत्रांत इसवी सन नाहीच. 'छ' आणि पुढे मुसलमानी महिना, नाहीतर अरबी शब्दांची माळ. काकांचे म्हणणे, सरळ इंग्रजी तारखा घालून मोकळे व्हा.

रुमालवाचक

काकांना सांगा, इंग्रजी तारीख द्यायचीच आहे, पण मूळ तारीख जशीच्या तशी ठेवून तिच्याशेजारी कंसात. आपली आकडेमोड चुकली तर पुढच्याला दुरुस्त करता आली पाहिजे. मूळच पुसले तर ती चूक कायमची.

अरबी शब्दांची माळ म्हणजे शुहूर सन, आणि तो सोडवायला फार गोड आहे. एकं, दहं, शतं, सहस्र या क्रमाने वाचायचे. 'इहिदे सितैन मया व अलफ' म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार: ११६१. हे वर्ष मृगाला बदलते. म्हणून मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंतच्या कागदाला ५९९ मिळवा, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. ११६१ म्हणजे १७६०-६१, पानिपतचे साल. संक्रांतीच्या सुमारास लढाई झाली तेव्हा हेच शुहूर वर्ष चालू होते. शंभर, दोनशे, हजार हे शब्द कारकून कधी कधी गाळतो आणि नुसते 'इहिदे सितैन' लिहितो. तिथे अक्षराच्या वळणावरून आणि मजकुरातल्या माणसांवरून शतक ठरवावे लागते.

'छ' म्हणजे हिजरी महिन्यातला चंद्र, म्हणजेच त्या महिन्याची तारीख. त्याचे आणि शालिवाहन शकाच्या तिथीचे रूपांतर मनाने करू नका. स्वामिकन्नू पिल्लई यांचे 'इंडियन एफिमेरिस' पुण्यातल्या मोठ्या ग्रंथालयांत मिळेल. कागदात वार दिला असेल तर तो जुळतो का ते प्रत्येक वेळी तपासा. तिथी आणि वार जुळत नसतील तर तीन शक्यता: आपले वाचन चुकले, मागाहून केलेल्या नकलेत चूक झाली, किंवा कागद बनावट आहे. वतनाच्या तंट्यात बनावट कागद होत असत, त्यामुळे महजराबरोबरच्या जुन्या सनदांच्या नकला विशेष काळजीने पाहा. तिथी, शिक्का, भाषा आणि अक्षर एकाच काळाची आहेत का, हे चारही एकदम जुळले पाहिजेत.

आणि इंग्रजी तारीख देताना कोणत्या पंचांगाची ते प्रस्तावनेत लिहा. इंग्रजांनी सप्टेंबर १७५२ मध्ये पंचांग बदलून ११ दिवस पुढे नेले. त्याआधीच्या तारखा आपल्याकडे सहसा जुन्या, ज्युलियन पद्धतीने देतात. शिवजन्माची १९ फेब्रुवारी १६३० ही तशीच आहे, नव्या पद्धतीने ती १ मार्च येते. तुमचे कागद नंतरचे आहेत, पण जुन्या सनदांच्या नकला असल्या तर हे आडवे येईल.

चाकणवाट

शिवजन्माचा विषय निघालाच आहे तर त्या तारखेमागचा कागद कोणता, हे कसबेकरांच्या ग्रुपवर जरूर जावे. भोरजवळच्या कारी गावच्या जेध्यांच्या घरात तिथी-नोंदींची एक यादी होती. तिला आपण जेधे शकावली म्हणतो. अमक्या शकात अमुक तिथीला अमुक झाले, एवढेच. वर्णन नाही, रस नाही. लोकमान्य टिळकांच्या हाती ती आली आणि १९१६ मध्ये भारत इतिहास संशोधक मंडळातर्फे छापून आली. फाल्गुन वद्य तृतीया शके १५५१ ही जन्मतिथी तिच्यात होती. तोवर वैशाख शुद्ध द्वितीया शके १५४९ प्रचलित होती. पुढे कित्येक दशके अभ्यासक त्यावर वाद घालत राहिले, आणि तो वाद सर्वांना घालता आला कारण यादी पूर्ण छापली होती. त्या घराने 'नुसत्या तारखा आहेत, कोणाला काय उपयोग' म्हणून ती बाजूला काढली असती तर?

जुन्नरी

छापण्याच्या आधीचे सांगतो. कागद जतन करण्याच्या कामात आहे.

पहिली गोष्ट, आणखी एकही रुमाल सोडून कागद 'लावून' ठेवू नका. कोणता कागद कोणाच्या शेजारी होता, हीसुद्धा माहिती असते. बिनतारखेचे पत्र शेजारच्या कागदावरून ओळखू येते. रुमालाला क्रमांक द्या, आतल्या प्रत्येक कागदाला त्याच क्रमाने क्रमांक द्या. तो मऊ पेन्सिलीने, पाठीवर, कोपऱ्यात. पुस्तकात प्रत्येक पत्राखाली रुमाल आणि कागद क्रमांक आला पाहिजे. ज्या छापील पत्राचा मूळ कागद शोधता येत नाही, त्यावर किती विश्वास ठेवायचा?

दुसरे, चिकटपट्टी नाही, लॅमिनेशन नाही. फोटोफ्रेमवाल्याकडे तर मुळीच नेऊ नका. जुन्या मोडी कागदांची शाई काजळीची असते. ती उन्हापावसाची शतके काढते, पण ओल्या फडक्याने पुसली की पसरते. धूळ मऊ ब्रशने, कोरडी झाडा. घट्ट गुंडाळ्या जोर लावून उलगडू नका, त्या जाणत्या माणसासमोरच उघडा.

तिसरे, लिप्यंतर सुरू होण्याआधी सगळ्याची छायाचित्रे, दोन्ही बाजू, कोरी वाटणारी पाठसुद्धा. शेजारी पट्टी ठेवा म्हणजे आकार कळेल. मूळ फाइल मोठ्या आकारात दोन वेगवेगळ्या ठिकाणी ठेवा. वाचणाऱ्याला छायाचित्रावरून वाचू द्या, मूळ कागद रोज हाताळायची गरज नाही. पावसाळा तोंडावर आहे आणि वाडा पाडायचा आहे, म्हणून हे आधी.

मुठाकाठ

एक नाजूक प्रश्न. अशा कागदांत घरातली न सांगण्यासारखी प्रकरणे निघतात. कर्ज बुडवलेले, विधवेच्या हिश्श्याचा वाद, जातीवरून बहिष्कार. तेही बरहुकूम?

अक्षरओळ

हो. पेशवाईतल्या कागदांत कुणबिणी, म्हणजे गुलाम बायका, विकत घेतल्याच्या, बक्षीस दिल्याच्या नोंदी येतात. त्या बायकांची नावे फक्त त्या एका ओळीत असतात. घराण्याची शोभा जाते म्हणून ती ओळ गाळली तर त्या बाईचे होते नव्हते ते नावही जाते. ज्या विधवेचा हिस्सा मारला गेला, तिचा अर्ज तिच्याच शब्दांत छापला जावा, असे मला मनापासून वाटते. त्या काळच्या बायकांचे स्वतःचे म्हणणे आपल्याकडे आहेच किती?

मात्र अलीकडच्या कागदांचे वेगळे. ज्यांची मुले-नातवंडे आज हयात आहेत, अशांचे आजार, सोडचिठ्ठ्या, दत्तकाची भांडणे छापण्याआधी त्या घरांना विचारा. नको म्हणाले तर तो कागद आत्ता छापू नका, पण यादीत त्याचा क्रमांक ठेवा आणि 'तूर्त प्रसिद्ध केलेला नाही' असे स्पष्ट लिहा. गुपचूप गाळण्यात आणि सांगून मागे ठेवण्यात फार अंतर आहे.

कसबेकर

सगळ्यांचे मनापासून आभार. काल पुन्हा बैठक झाली, धागा सगळ्यांनी वाचला होता. निर्णय असा, की खासगी पत्रे आणि महजर पूर्ण, बरहुकूम, सारांशासह पुस्तकात. देवस्थानाच्या वह्या छापायला खर्च झेपणार नाही, म्हणून त्यांची सगळ्या पानांची छायाचित्रे आणि लिप्यंतर इंटरनेटवर खुले ठेवायचे, पुस्तकात फक्त ओळख आणि एक नमुना वर्ष. काकांनी मायन्यांवरचा हट्ट सोडला.

दोन गोष्टी राहिल्या. मूळ कागद नंतर कुठे ठेवावेत? आणि सूची कशी करतात?

रुमालवाचक

वह्यांचा तोडगा उत्तम. खुल्या ठेवलेल्या लिप्यंतरात मोडी अक्षरेच दाखवायची असतील तर तीही सोय आता आहे. २०१४ पासून युनिकोडमध्ये मोडी आहे.

कागद घरात वाटून घेऊ नका, एवढे पहिले. चार भावंडांत चार रुमाल गेले की दोन पिढ्यांत काही हाती लागत नाही. सदाशिव पेठेतले भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० पासून हेच काम करते आहे आणि अनेक घराण्यांची दफ्तरे तिथे आहेत. पुणे पुरालेखागारातही चौकशी करा. देताना यादी करून, तिच्यावर पोच घेऊन द्या, आणि संग्रह एकत्र राहावा, अभ्यासकांना खुला असावा अशी लेखी अट घाला. पुस्तकातले रुमाल क्रमांक तिथेही कायम राहतील असे ठरवून घ्या. नवा क्रमांक पडलाच तर दोन्हींचे कोष्टक ठेवा.

सूचीला सर्वांत जास्त वेळ राखून ठेवा. व्यक्तींची, गावांची आणि विषयांची अशा तीन वेगळ्या करा. जुन्या कागदांत माणूस कधी नुसत्या नावाने येतो, कधी आडनावाने, कधी 'दादा', 'तात्या', 'काकू' म्हणून. एकच आहे याची खात्री असेल तिथे एकत्र घ्या आणि बाकीच्या नावांवरून तिकडे पाठवा. खात्री नसेल तिथे वेगळेच ठेवा. गावाचे नाव कागदातल्या रूपाने द्या आणि पुढे आजचा तालुका. महजरातले बलुतेदार व्यक्तिसूचीत आले पाहिजेत, 'इतर' म्हणून एका ओळीत नकोत. भावाला निशाण्यांत रस वाटला म्हणालात ना, त्याला हे काम द्या. मोडी येत नसेल तरी बाळबोध लिप्यंतरावरून करता येते, आणि तोवर त्याने मोडीच्या वर्गात नाव घालावे.

कसबेकर

सांगतो त्याला. जुन्नरी, तुमच्याशी व्यक्तिगत निरोपातून बोलतो. छायाचित्रांचे काम पावसाआधी उरकायचे आहे.